उदार धर्माचे अधिष्ठान आणि नाणेघाटाखालची गावे

उदार धर्म ही एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी एकत्र बसून, वाद घालून घडवलेली धर्मकल्पना आहे. कोणताही ग्रंथ ईश्वराने अक्षरशः सांगितलेला नाही. सत्य एकाच धर्माच्या मालकीचे नाही. धर्मवचनाचा अर्थ लावताना इतिहास आणि विवेक यांना वगळता येत नाही. आणि माणसाची पायरी जन्मावरून ठरवणारी आज्ञा ईश्वराची असू शकत नाही, अशा चार धारणांवर ती उभी आहे. या धारणा मानणारा माणूस धर्म सोडत नाही. तो प्रार्थना करतो, पापाची टोचणी त्याला लागते, मरणापुढे तोही निरुत्तर होतो. मात्र पोथीत लिहिले आहे एवढ्यावर तो थांबत नाही आणि आजोबा करीत होते म्हणून आपणही करावे, हे त्याला पटत नाही. मग त्याच्या श्रद्धेला आधार कशाचा? ग्रंथाचा अधिकार गेला, परंपरेचा गेला, पुरोहिताचाही गेला, तर धर्म उभा राहतो कशावर, हा उदार धर्माच्या प्रत्येक सभेपुढचा मूळ प्रश्न होता.

महाराष्ट्रात हा प्रश्न प्रथम गुप्तपणे चर्चिला गेला. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८४४ मध्ये सुरतेस मानवधर्म सभेत भाग घेतला आणि १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. सभासद एकत्र जमून प्रार्थना करीत, जातिभेद मोडण्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात, आणि हे सारे बाहेर कळू नये याची काळजी घेत. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली आणि सभा विस्कटली. नावे फुटताच मोडून पडलेल्या या सभेला भित्री म्हणून हिणवणे सोपे आहे. पण वाळीत पडलेल्या घरात मुलीचे लग्न ठरत नसे आणि मर्तिकाला खांदा मिळत नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पावाच्या तुकड्याची किंमत कळते.

३१ मार्च १८६७ रोजी दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. बंगालच्या ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन १८६४ मध्ये मुंबईस येऊन गेले होते आणि त्यांच्या व्याख्यानांचा परिणाम टिकून होता. थोड्याच वर्षांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर समाजात आले. १८७३ मध्ये ‘सुबोधपत्रिका’ सुरू झाली, १८७४ मध्ये गिरगावात समाजाचे मंदिर उभे राहिले. ईश्वर एक आहे, प्रेमाने आणि श्रद्धेने केलेली उपासना हीच त्याची खरी पूजा, मूर्तिपूजा हा उपासनेचा खरा मार्ग नाही, ईश्वर अवतार घेत नाही, कोणताही ग्रंथ त्याने स्वतः प्रकट केलेला नाही, सर्व माणसे त्याची लेकरे आहेत, अशी समाजाची तत्त्वे होती. घरातले कुळाचार सोडलेच पाहिजेत अशी अट मात्र सभासदांवर नव्हती. गिरगावात रविवारी निराकाराची उपासना आणि घरी गणपती, असा संसार अनेकांनी केला.

१८७४ मध्ये स्वामी दयानंद मुंबईस आले तेव्हा समाजाच्या धारणांची कसोटी लागली. जातिभेद आणि मूर्तिपूजा यांवरचे दयानंदांचे प्रहार समाजाच्या लोकांना आपलेच वाटले. पण दयानंदांचा आधार वेद होते आणि त्यांच्या लेखी वेद निर्दोष होते. प्रार्थना समाजाला ते मानवेना. १० एप्रिल १८७५ रोजी मुंबईतच आर्य समाज निघाला आणि दोन वाटा वेगळ्या झाल्या. सुधारणांची यादी दोघांकडे बरीचशी सारखी असून मतभेद झाला तो अधिकाराच्या प्रश्नावर. प्रार्थना समाजाने ज्या आधारावर पाय ठेवायचे नाकारले, त्याच्या जागी दुसरा शोधणे त्याला भाग पडले.

रानडे यांनी तो माणसाच्या अंतःकरणात शोधला. ईश्वर, जीव आणि जगत् यांचे नाते त्यांनी केवलाद्वैताच्या वाटेने सोडवले नाही; भक्त आणि देव वेगळे राहिले तरच प्रार्थनेला अर्थ उरतो, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते. म्हणूनच त्यांना तुकाराम जवळचा वाटला. समाजाच्या उपासनेत आणि कीर्तनात अभंगांना स्थान मिळाले. समाजाशी संबंधित शंकर पांडुरंग पंडित यांनी विष्णु परशुरामशास्त्री पंडितांसह तुकारामाच्या गाथेची संशोधित आवृत्ती सिद्ध केली, ती १८६९ आणि १८७३ मध्ये दोन खंडांत निघाली. उदार धर्म ही परदेशातून आणलेली वस्तू आहे, या आक्षेपाला समाजाने दिलेले हे सर्वांत वजनदार उत्तर होय.

भांडारकरांची वाट अधिक कठोर होती आणि धर्मचिंतनाच्या दृष्टीने तीच दूरवर जाते. धर्माला इतिहास आहे, हे त्यांचे म्हणणे. आज जे सनातन म्हणून सांगितले जाते ते कधीतरी नवे होते; जे नवे होते ते कुणीतरी, कुठल्यातरी गरजेने स्वीकारले. हे सिद्ध करायचे तर तारखा हव्यात, शिलालेख हवेत, पाठभेद तपासायला हवेत. १८८६ मध्ये व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला गेलेले भांडारकर आणि गिरगावात धर्मपर प्रवचन करणारे भांडारकर यांत फरक करता येत नाही; दोन्हीकडे काम एकच चालले होते.

त्यांच्या पुराव्यांपैकी एक मुरबाड तालुक्याच्या माथ्यावर आहे. कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता मुरबाड, सरळगाव, टोकावडे ओलांडून वैशाखरे गावाशी येतो आणि तेथून नाणेघाटाची चढण सुरू होते. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून आलेला माल याच वाटेने जुन्नरला चढत असे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवला जातो. घाटाच्या तोंडाशी, ठाणे आणि पुणे जिल्ह्यांच्या सीमेवर, सातवाहनांचे लेणे आहे. आत एकेकाळी राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या, त्यांची नावे अजून वाचता येतात. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत राणी नागनिकेचा मानला जाणारा मोठा लेख आहे. अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञांची तो नोंद करतो आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापणे आकड्यांसह सांगतो. महिनामहिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जीवन जगणारी, असे राणीचे वर्णनही त्यात आहे.

भांडारकरांना या लेखाचे मोल वाटले ते त्याच्या आरंभीच्या नमनामुळे. धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र आणि सूर्य, मग यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपाल, अशी देवतांची ओळ तेथे आहे. १९१३ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या, वैष्णव, शैव आणि इतर लहान पंथांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात भांडारकरांनी घोसुंडी आणि बेसनगर येथील लेखांबरोबर नाणेघाटाच्या लेखाची साक्ष काढली. अक्षरांच्या वळणावरून त्यांनी हा लेख इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला ठरवला. वासुदेवभक्ती त्या काळी सह्याद्रीत पोचली होती आणि यज्ञ करणाऱ्या राजघराण्याच्या लेखात वैदिक देवांच्या शेजारी बसली होती, हे त्यावरून दिसते.

धर्मविचाराच्या दृष्टीने यातून निघणारा अर्थ मोठा आहे. वैदिक यज्ञ आणि वासुदेवाची भक्ती हे दोन प्रवाह वेगवेगळ्या उगमांचे. नाणेघाटात ते एका नमनात आले. म्हणजे आज ‘परंपरा’ म्हणून जी एकजिनसी वाटते ती मुळात जुळणी होती, आणि ती जुळणी करणाऱ्या माणसांनी आपल्या काळी निवड केली होती. त्यांना निवड करता आली तर पुढच्यांनाही करता येते. उदार धर्माला हवा असलेला आधार भांडारकरांनी असा इतिहासातून उभा केला: धर्म बदलत आला आहे, आणि बदलत येणे हा त्याच्या जिवंतपणाचाच भाग आहे. हा आधार दयानंदांच्या वेदप्रामाण्याइतका पक्का नाही, हे मान्य केले पाहिजे. धर्म बदलला हे इतिहास सांगतो. तो कोणत्या दिशेने बदलावा हे इतिहास सांगत नाही. दिशा ठरवायला पुन्हा विवेकाकडेच यावे लागते, आणि विवेक माणसागणिक डगमगतो. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून उठलेल्या वादात रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. त्याच सुमारास, १८९१ मध्ये, भांडारकरांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून दिला. तत्त्वे एकच आणि सभाही एकच होती.

जगात इतरत्रही अशी माणसे एकमेकांना शोधत होती. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेत मुंबईकडून बी. बी. नगरकर बोलले. १८९५-९६ मध्ये अमेरिकन युनिटेरियन जबेझ संडरलँड हिंदुस्थानात येऊन गेले आणि येथल्या एकेश्वरवादी तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकता यावे अशी व्यवस्था झाली. युनिटेरियन म्हणजे त्रैक्य न मानणारे, ईश्वर एकच आणि येशू माणूस असे मानणारे ख्रिस्ती. २५ मे १९०० रोजी बॉस्टनमध्ये त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी उदार धर्मविचारकांची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन केली. तिचे पहिले अधिवेशन १९०१ मध्ये लंडनला आणि दुसरे सप्टेंबर १९०३ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला भरले. त्या दुसऱ्या अधिवेशनात मुंबई प्रार्थना समाजाच्या वतीने हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला तो विठ्ठल रामजी शिंदे यांनी.

शिंदे जमखंडीचे, २३ एप्रिल १८७३ चा जन्म, घर मराठ्याचे आणि वारकरी. १८९८ मध्ये बी. ए. झाल्यावर ते प्रार्थना समाजात आले. सयाजीराव गायकवाडांनी प्रवासखर्चाला हात दिला आणि सप्टेंबर १९०१ मध्ये ते विलायतेला निघाले. मँचेस्टर कॉलेजात जे. एस्टलिन कार्पेंटर तौलनिक धर्मशास्त्र शिकवीत. बायबलची ऐतिहासिक चिकित्सा आणि पाली दीघनिकायाचे संपादन ही दोन्ही कामे करणारा हा गुरू होता. भांडारकरांनी वासुदेवाला जो न्याय लावला तोच कार्पेंटर मोशेला लावत होते. धर्मग्रंथ कोणाचाही असो, चिकित्सेतून सुटत नाही, हे शिंदे यांनी तेथे जवळून पाहिले. त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. इंग्रज युनिटेरियन मंडळी मोठ्या शहरांतील गरीब वस्त्यांत मिशन चालवीत. तेथे उपासना, शाळा आणि आजाऱ्याची विचारपूस एकाच छपराखाली होत असे.

अ‍ॅम्स्टरडॅमच्या सभागृहात जमलेले बहुतेक जण ख्रिस्ती प्रदेशांतले प्राध्यापक आणि धर्मोपदेशक होते. त्यांचा झगडा चर्चच्या मतप्रणालीशी होता. त्रैक्य, मूळ पाप, बायबलचे प्रामाण्य हे त्यांचे विषय. हिंदुस्थानात मतप्रणालीचे बंधन तितके घट्ट नव्हते. येथे कोणीही काहीही मानावे. पण कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाला देवळाच्या पायरीवर येऊ द्यावे, हे मात्र ठरलेले. येथल्या उदार धर्माला ईश्वराच्या स्वरूपापेक्षा माणसाच्या स्पर्शाचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. शिंदे यांनी परतल्यावर केलेले काम पाहिले तर हा भेद त्यांनी पुरता ओळखला होता असेच म्हणावे लागते. मुंबई समाजाचे प्रचारक असतानाच १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी परळला निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली, नारायण गणेश चंदावरकर तिचे अध्यक्ष झाले, आणि अस्पृश्य मुलांची शाळा सुरू झाली. शिंदे यांच्या भगिनी जनाबाई या कामात पडल्या. समाजाच्या काही मंडळींना हे काम उपासनेच्या कक्षेबाहेरचे वाटत राहिले. १९१० मध्ये शिंदे समाजाच्या सेवेतून बाहेर पडले. प्रार्थना समाजाच्या इतिहासातला हा तोटा पुढे भरून निघाला नाही.

संस्कृत शास्त्रार्थाच्या अंगानेही एक प्रयत्न झाला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे केवलानंद सरस्वती, लक्ष्मणशास्त्री जोशी, नागपूरचे के. ल. दप्तरी, रघुनाथशास्त्री कोकजे अशा पंडितांचे धर्मनिर्णय मंडळ १९३० नंतरच्या काळात लोणावळ्यास काम करीत होते. त्यांनी शास्त्राचा अधिकार झुगारला नाही. शास्त्र स्वतःच युगागणिक बदलायला सांगते, असा पक्ष मांडून अस्पृश्यतेसारख्या रूढी अशास्त्रीय ठरवल्या. युक्तिवाद तीक्ष्ण होता, पण तो समजायला मीमांसा यावी लागे, आणि ज्याला मीमांसा येते त्याला बहुधा रूढी बदलायची नसे.

आता नाणेघाटाखालची गावे. शहापूर आणि मुरबाड हे तालुके मुंबईपासून दूर नाहीत. कसाऱ्यापर्यंतची रेल्वे १८६१ मध्येच वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डीवरून गेली. प्रार्थना समाज त्यानंतर सहा वर्षांनी निघाला. १८९२ पासून शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचे पाणी मुंबई पिऊ लागली. गाडी गेली, पाणी आले, पण गिरगावच्या मंदिरातली उपासना या गावांची झाली नाही. जोतीराव फुले यांनी ब्राह्मो आणि प्रार्थना समाजांवर जी टीका केली तिचा रोख इथेच होता: शिकलेल्या वरच्या जातींनी आपापसांत चालवलेला हा धर्म कुणब्याच्या शेतावर येत नाही.

गावांत धर्म नव्हता असे नाही. कुणबी आणि आगरी वस्त्यांत हरिपाठ होता, सप्ताह होता, पंढरीची वारी होती. रानडे यांनी ज्या तुकारामाला उदार धर्माचा साक्षी म्हणून उभे केले त्याचे अभंग तेथे आधीपासून पाठ होते. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे यात्रा भरते, बैलांचा बाजार लागतो, घोंगड्या विकल्या जातात, नवस फेडले जातात. ज्याला नवसाचा देव हवा त्याला नवसाचा, ज्याला नामाचा हवा त्याला नामाचा, अशी मुभा या धर्मात होती. जातीची उतरंडही होती. अभंग सर्वांचा आणि पाणवठा मात्र वेगळा, ही विसंगती उदारमतवाद्यांनी अचूक पकडली. पण ती दाखवायला गावात जाऊन राहणारा माणूस त्यांच्याकडे नव्हता. शिंदे यांनी ही उणीव ओळखून उतारवयात कौटुंबिक उपासना मंडळाचा प्रयोग केला, १९३३ मध्ये वाईस ब्राह्मसमाज काढून आसपासच्या खेड्यांकडे वळले, आणि भागवत धर्माच्या विकासावर लिहिले. देव्हारा काढून टाकायचा तर त्या जागी घरातल्या बायकामुलांना संध्याकाळी करता येईल असे काय द्यायचे, हा त्यांचा प्रश्न होता. २ जानेवारी १९४४ रोजी ते गेले तेव्हा तो प्रयोग रुजलेला नव्हता.

धर्म विवेकाच्या आणि नीतीच्या कसोटीवर घासून घ्यावा, ही उदार धर्माची मागणी या गावांत वेगळ्याच वाटेने पोचली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला आणि पुढे ठाण्याच्या ग्रामीण भागातील महारवाड्यांनीही तो स्वीकारला. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बुद्ध आणि धम्मावरील ग्रंथात परंपरेने आलेले प्रसंग ते तपासून घेतात, न पटणारे बाजूला ठेवतात आणि दुःखाचा अर्थ समाजाच्या अंगाने लावतात. पद्धत भांडारकर-कार्पेंटर यांच्याच कुळातली आहे. फरक हा की आंबेडकरांनी विचाराबरोबर आचार दिला. बावीस प्रतिज्ञा, वंदना, विहार, लग्नाचा आणि अंत्यविधीचा स्वतःचा विधी. माणूस मेल्यावर भटजीकडे न जाता काय करायचे याचे उत्तर ज्या धर्माकडे असते तो गावात टिकतो. प्रार्थना समाजाकडेही संस्कारविधी होते. पण ते करू शकणारी घरे शहरात, आणि तीही थोडी.

एक बाजू मात्र या सगळ्याच सभांकडून राहून गेली. शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात ठाकर, महादेव कोळी, कातकरी, वारली यांची वस्ती आहे. वाघबारशीला वाघोबाची पूजा होते, गावदेवीला पहिले पीक दाखवले जाते. एकेश्वरवाद्यांच्या मांडणीत याला ‘मूर्तिपूजा’ याखेरीज खण नव्हता आणि मूर्तिपूजा म्हणजे मागे टाकायची पायरी. वाघाच्या रानात राहणारा माणूस वाघाशी सलोख्याचा करार करतो, त्यात भय आहे तसा मर्यादेचा विचारही आहे; आपली जागा आणि त्याची जागा यांची तो आखणी करतो. हा नीतीचाच विचार आहे आणि तो निराकार ईश्वराच्या नावाने केलेला नाही म्हणून कमी ठरत नाही. उदार धर्माने इतर पोथीनिष्ठ धर्मांशी जेवढ्या आदराने संवाद केला तेवढा पोथी नसलेल्यांशी केला नाही. साधन त्यांच्या हाती नव्हते असेही नाही. भांडारकरांनी त्याच १९१३ च्या ग्रंथात रुद्राचा माग काढताना शतरुद्रीयातील निषादांचा आणि रानावनात वावरणाऱ्या गणांचा उल्लेख पुढे आणला आहे, आणि रानटी म्हणून लेखल्या गेलेल्या लोकांच्या देवांचे अंश शिवाच्या रूपात मिसळले असावेत असे सुचवले आहे. नाणेघाटातले वासुदेवाचे नाव ज्या पद्धतीने वाचले गेले, त्याच पद्धतीने घाटाखालचा वाघोबाही वाचता येतो. त्यासाठी शिलालेख मिळणार नाहीत, ज्यांचा तो देव आहे त्यांनाच सभेत बोलवावे लागेल.